दिसलं, ऐकलं, शंका आली

कर्नाटकातल्या बैलकुप्प्याला मी गेले ती भौतिकशास्त्र शिकवायला. तिथल्या एका तिबेटी मठात भिक्खूंसाठी विज्ञानाचे वर्ग चालतात. त्यांना मदतीला शिक्षक हवे होते आणि कॉलेजला सुटी असल्यामुळे मी मोकळी होते. अणूची रचना, किरणोत्सर्ग, अर्धायुष्य, अणुभट्टी एवढा भाग माझ्या वाट्याला आला. निपाणीच्या आसपासच्या मुलांना हे मी कित्येक वर्षं शिकवते आहे, त्यामुळे धास्ती वाटण्याचं कारण नव्हतं. भट्टीची आकृती फळ्यावर काढून झाली. इंधन, जड पाणी, नियंत्रण दांडे सगळं समजावून झालं. मग मागच्या रांगेतल्या एका भिक्खूनं दुभाष्यामार्फत विचारलं, "गेन-ला, ही भट्टी राखतं कोण? आणि राखणाऱ्याला कोण राखतं?"

गेन-ला म्हणजे गुरुजी. बाईंनाही तेच म्हणतात. मला ठाऊक होतं ते मी सांगितलं: दुहेरी कुंपण, केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचे जवान, कॅमेरे, ओळखपत्रं, अंगझडती. दुभाषा थांबला तसा तो भिक्खू म्हणाला, "ह्या वस्तू झाल्या. मी माणसांचं विचारतोय." सगळा वर्ग उत्तराची वाट बघत बसला. न्यूट्रॉन मंद का करावा लागतो हे मी झोपेतून उठवलं तरी सांगेन. पण हा प्रश्न कुठल्या विषयाचा आहे हेच मला उमगेना. उद्या सांगते, म्हणाले.

प्रश्न उगाच पडलेला नव्हता. म्हैसूरहून बैलकुप्प्याची बस हुणसूर रस्त्याला लागली की थोड्याच वेळात येलवाल येतं. त्या भागात रत्नहळ्ळीला भाभा अणुसंशोधन केंद्राचा युरेनियम समृद्ध करण्याचा प्रकल्प आहे. बैलकुप्प्याचे भिक्खू म्हैसूरला दवाखान्याच्या नाहीतर कागदपत्रांच्या कामासाठी जातात ते याच रस्त्यानं. १९६० च्या सुमारास म्हैसूर राज्यानं तिबेटी निर्वासितांना इथं जमीन दिली, त्यांनी जंगल साफ करून मक्याची शेतं उभी केली, आणि १९७० मध्ये ल्हासाजवळचा सेरा मठ इथं नव्यानं वसला. आज इथल्या मठांत हजारो भिक्खू राहतात. आणि याच राज्याच्या दुसऱ्या टोकाला, कारवार तालुक्यात काळी नदीच्या काठी, कैगाचं अणुवीज केंद्र आहे. भिक्खूंना ही नावं ठाऊक होती. त्यांनी ती माझ्यासमोर ठेवली आणि उत्तर मागितलं.

त्या रात्री अतिथिगृहाच्या खोलीत मी वाचायला बसले. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेनं २००८ मध्ये एक मार्गदर्शिका काढली आहे, नेमकी याच विषयावर: अणुकेंद्रात सुरक्षेची संस्कृती कशी रुजवायची. त्याआधी, १९८६ च्या चेर्नोबिलनंतर, अपघात टाळण्याच्या संस्कृतीवर जगभर बोललं जाऊ लागलं होतं. १९९१ मध्ये त्याची पुस्तिकाही निघाली. म्हणजे अपघाताचा विचार आधी झाला आणि घातपाताचा नंतर. पानंच्या पानं वाचली तरी माझा गोंधळ वाढतच गेला. श्रद्धा, दृष्टिकोन, नेतृत्व, व्यवस्थापन, वर्तन असे शब्द ओळीनं येत होते, आणि मी शोधत होते माणूस: सकाळी डबा घेऊन कामावर जाणारा, पाळी संपली की घरी येणारा. एक वाक्य मात्र मनात राहिलं. त्या सगळ्या डोलाऱ्याच्या तळाशी ही गोष्ट असल्याचं तिथं म्हटलं होतं: धोका खरा आहे, असं तिथं काम करणाऱ्या प्रत्येकाला मनापासून वाटलं पाहिजे. जिथं वर्षानुवर्षं काहीही घडत नाही, तिथं हे कसं वाटायचं?

माझे मामा औद्योगिक सुरक्षा दलात होते. नोकरीतली काही वर्षं त्यांनी एका अणुवीज केंद्राच्या गेटवर काढली. आता निपाणीत असतात आणि संध्याकाळी उरसाच्या माळावर फिरायला जातात. त्यांना फोन लावला.

"मामा, गेटवर सगळ्यात अवघड काम कुठलं?"

"अवघड?" त्यांनी जरा विचार केला. "साहेबाची गाडी थांबवणं. बाहेरच्याला अडवायला काही लागत नाही गं, त्याच्यासाठीच तर उभं केलेलं असतं आम्हाला. पण ज्याला रोज सलाम ठोकायचा त्यालाच खाली उतरा म्हणायचं, डिक्की उघडा म्हणायचं. साहेबानं न बोलता उघडली, तर त्या दिवशी गेटवरच्या सगळ्या पोरांना कळतं की हे काम खरं आहे. आणि साहेब एकदा जरी वैतागला ना, की दुसऱ्या दिवशी पोरगं लांबूनच हात करून गाडी सोडतंय."

"आणि दुसरं?"

"खोटा अलार्म. एका रात्रीत चारदा वाजला आणि चारही वेळा मांजर नाहीतर वारा निघाला, की पाचव्यांदा पाय जड होतात. तिथं जो उठून जातो तो खरा शिपाई."

मार्गदर्शिकेत 'नेतृत्व' या मथळ्याखाली जे लिहिलं होतं ते मला मामांच्या या चार वाक्यांनी कळलं. वरचा माणूस नियमाला स्वतः मान देतो की नाही, हे खालचे डोळे रोज मोजत असतात. भिंतीवर लावलेल्या फलकाकडे कुणी बघत नाही.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात आकृती काढली नाही. कैगाची हकिगत सांगितली.

२००९ चा नोव्हेंबर. कैगाचं पहिलं युनिट देखभालीसाठी बंद होतं. अशा वेळी आत माणसांची ये-जा वाढते. जड पाण्यावर चालणाऱ्या भट्ट्यांमध्ये त्या पाण्यातल्या ड्युटेरियमवर न्यूट्रॉन आदळून ट्रिटियम तयार होतं. ट्रिटियम हा हायड्रोजनचाच किरणोत्सारी भाऊबंद, अर्धायुष्य १२ वर्षांच्या थोडं वर. त्याचा बीटा किरण इतका दुबळा असतो की कातडीसुद्धा त्याला अडवते. कामगारांच्या छातीवर मात्रा मोजणारा जो बॅज असतो, त्यावरही त्याची नोंद होत नाही. पण ट्रिटियमयुक्त पाणी पोटात गेलं तर ते साध्या पाण्यासारखंच अंगभर पसरतं. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. म्हणून अशा केंद्रांत कामगारांची लघवी ठरावीक काळानं तपासतात. ही तपासणी कंटाळवाणी असते. बाटलीवर नाव घालायचं, द्यायची, आपल्या कामाला लागायचं. निकाल ठरल्यासारखा व्यवस्थितच येतो.

त्या नोव्हेंबरात तो व्यवस्थित आला नाही. २४ तारखेच्या सुमारास काही जणांच्या लघवीत ट्रिटियमचं प्रमाण नेहमीपेक्षा जास्त दिसलं. मग शोध सुरू झाला. भट्टीतून गळती नव्हती, हवेत काही नव्हतं. ज्यांच्या लघवीत ट्रिटियम सापडलं ते सगळे एका ठिकाणी एकत्र येत होते: पिण्याच्या पाण्याच्या कूलरपाशी. कुणीतरी त्या कूलरमध्ये ट्रिटियम असलेलं जड पाणी मिसळलं होतं. पन्नासहून अधिक कामगारांच्या पोटात ते गेलं. अणुऊर्जा नियामक मंडळानं वर्षाला ३० मिलिसिव्हर्टची मर्यादा घातलेली आहे. दोघांच्या बाबतीत ती ओलांडली गेली. उपाय साधाच असतो: भरपूर पाणी पाजायचं आणि लघवी वाढवणारी औषधं द्यायची, म्हणजे ट्रिटियम लवकर बाहेर पडतं. अणुऊर्जा आयोगाचे तेव्हाचे अध्यक्ष डॉ. अनिल काकोडकर यांनी हे आतल्याच कुणाचं तरी कृत्य असल्याचं जाहीरपणे सांगितलं. तपास पोलिसांकडे गेला.

कैगा म्हणजे ढिसाळ केंद्र, असं कुणी समजू नये. याच पहिल्या युनिटनं पुढं २०१८ मध्ये सलग ९६२ दिवस चालून जागतिक विक्रम केला. तो भट्टीनं एकटीनं केलेला नाही, माणसांनी केलेला आहे. तरीही तिथंच, त्याच माणसांमधल्या कुणाच्या तरी हातून कूलरमध्ये ते पाणी गेलं. कुंपणाचं तोंड बाहेरच्या बाजूला असतं. जवान बाहेरून येणाऱ्याची झडती घेतो. कूलर आत होता, आणि तिथं जाण्याचा रोजचा रीतसर परवाना असलेल्या माणसानंच ते केलं.

दुभाष्याला ही हकिगत सांगायला वेळ लागला. कूलरपाशी आल्यावर तो थांबला आणि माझ्याकडे बघून त्यानं पुन्हा विचारलं, पिण्याचं पाणी? मी हो म्हटलं. वर्गात एकदम कुजबुज झाली. पाण्यात काही मिसळणं ही गोष्ट समजावून सांगावी लागली नाही.

संध्याकाळी भिक्खू अंगणात वादाला बसतात. मी कडेला उभी राहून बघायची. उत्तर देणारा जमिनीवर बसतो आणि विचारणारा त्याच्यासमोर उभा असतो. प्रश्न पुरा झाला की विचारणारा डावा पाय आपटून जोरात टाळी वाजवतो. उत्तर देणाऱ्याला मोजकीच उत्तरं द्यायची मुभा आहे: मान्य, का, कारण सिद्ध नाही, व्याप्ती नाही. दिङ्नाग आणि धर्मकीर्ती यांचं तर्कशास्त्र नालंदेहून तिबेटात गेलं आणि तिथून या मक्याच्या शेतांमध्ये परत आलं. त्या संध्याकाळी, माझ्या वर्गातल्या दोघांनी कैगाच घेतलं. दुभाषा माझ्या कानाशी सांगत होता.

"जो आतला, तो विश्वासाचा. मान्य?"

"मान्य."

टाळी. "कूलरमध्ये पाणी घालणारा आतला होता. मान्य?"

"मान्य."

"तर मग तो विश्वासाचा होता!"

बसलेला गप्प झाला. मग म्हणाला, "व्याप्ती नाही." म्हणजे आतला असणं आणि विश्वासाचा असणं यांचा अतूट संबंध नाही. आधी मान्य केलेलं त्यानं परत घेतलं. भोवतीच्यांनी आरडाओरडा केला. विचारणाऱ्यानं पुन्हा टाळी वाजवली. "तर मग आतल्या कुणावरच विश्वास ठेवायचा नाही. मान्य?" यावर बसलेला "का?" म्हणाला, आणि वाद पुढं बराच वेळ चालला. मला तो सगळा कळला नाही. पण दोन गोष्टी मी तिथं उभ्या उभ्या शिकले. एक, इथं कनिष्ठानं ज्येष्ठाला प्रश्न विचारला तर कुणाला राग येत नाही, कारण विचारणं हेच त्याचं नेमलेलं काम आहे. दुसरी, "सगळ्यांवर विश्वास" आणि "कुणावरच नाही" या दोन्ही टोकांना राहून भट्टी चालणार नाही. ज्या भट्टीत एकाच्या हातावर दुसऱ्याचा जीव अवलंबून असतो, तिथं संशयानं पोखरलेली पाळी स्वतःच अपघात घडवेल.

मग मी त्यांना एका साध्वीची हकिगत सांगितली. ती सांगताना वर्गाचं मन कुठल्या बाजूला जाईल हे मला आधीच कळायला हवं होतं, इतकं ते उघड होतं. २८ जुलै २०१२ च्या पहाटे अमेरिकेत टेनेसीतल्या ओक रिज इथल्या वाय-१२ या अण्वस्त्र-केंद्रात तीन जण शिरले. त्यातल्या सिस्टर मेगन राइस ८२ वर्षांच्या कॅथलिक साध्वी होत्या. तिघेही अण्वस्त्रांचे विरोधक. त्यांनी कटरनं कुंपणाच्या तारा कापल्या, एकामागून एक कुंपणं ओलांडली, आणि जिथं अतिसमृद्ध युरेनियम साठवतात त्या इमारतीच्या भिंतीपर्यंत जाऊन पोहोचले. भिंतीवर घोषणा लिहिल्या, रक्त शिंपडलं, आणि पहारेकरी येईपर्यंत प्रार्थना करत थांबले. पुढच्या चौकशीत दिसलं की काही कॅमेरे महिनोन्महिने बंद होते, आणि खोट्या अलार्मांची इतकी सवय झाली होती की खऱ्या अलार्मकडे कुणी धावत गेलं नाही. मामांची पाचवी घंटा, अगदी तीच.

भिक्खू त्या साध्वीच्या बाजूचे झाले. एक म्हणाला, तिच्या मनात करुणा होती. दुसऱ्यानं विचारलं, तिला शिक्षा झाली का? झाली, तिला तुरुंगात जावं लागलं. त्यावर बराच वेळ चर्चा झाली. मलाही तिच्याबद्दल आदर वाटतो आणि तो मी लपवला नाही. पण तिच्या करुणेनं त्या कुंपणाचं भोक बुजत नाही. तेच कुंपण, तेच बंद कॅमेरे आणि तेच जड पाय दुसऱ्या कुणाच्या वाट्याला आले असते, तर त्याच्या मनात काय असतं हे कुणी ओळखलं असतं? हे मी म्हणाले तेव्हा आदल्या संध्याकाळी वादात बसलेला तो तरुण भिक्खू हळूच म्हणाला, "मान्य."

या सगळ्याचा धागा मला सापडला तो एका वयस्कर भिक्खूमुळे. ते वर्गात नसायचे. आवारात भेटले की इंग्रजी-हिंदी मिसळून बोलायचे. मी बौद्ध घरातली आहे हे कळल्यावर त्यांनी विचारलं, तुमच्याकडे वर्षावास पाळतात का? पाळतात. माझ्या आजीच्या गल्लीत आषाढ पौर्णिमेपासून अश्विन पौर्णिमेपर्यंत रोज संध्याकाळी विहारात धम्मग्रंथाचं वाचन व्हायचं, आणि मी लहानपणी तिथंच सतरंजीवर झोपी जायची. ते म्हणाले, मग वर्षावासाच्या शेवटी भिक्खू काय करतात ते ठाऊक असेल. ठाऊक होतं, पण नावापुरतंच: पवारणा. त्यांनी ती नीट उलगडून सांगितली.

पावसाळाभर एकत्र राहिलेले भिक्खू शेवटी एकत्र बसतात, आणि प्रत्येक जण संघाला स्वतःहून विनंती करतो: माझ्या हातून काही वावगं घडल्याचं तुम्हाला दिसलं असेल, ऐकू आलं असेल किंवा तशी नुसती शंकाही आली असेल, तर माझ्यावर कृपा करून मला ते सांगा, म्हणजे मी सुधारेन. तीन पायऱ्या आहेत, आणि तिसरी आहे शंकेची. पुरावा हातात येईपर्यंत थांबायला सांगितलेलं नाही. आणि ही विनंती करायला सुरुवात करायची ती सर्वांत ज्येष्ठ भिक्खूनं.

मी त्यांना मामांच्या साहेबाची गाडी सांगितली. ते मोठ्यानं हसले आणि म्हणाले, बरोबर, आधी थेरानं डिक्की उघडायची.

मला तेव्हा जे कळलं ते सांगते. अणुकेंद्रातली सुरक्षा-संस्कृती म्हणजे ही तिसरी पायरी बिनधास्त चढता येणं. कुणीतरी कारण नसताना नमुन्यांच्या कपाटाशी दिसतो; कुणाचं ओळखपत्र दुसऱ्याच्या खिशात असतं; एखादा सोबती काही आठवड्यांपासून बोलत नाही, जेवत नाही, चिडतो. यातलं काहीच गुन्हा नाही. शंभरातल्या नव्व्याण्णव शंका फोल निघतील. पण त्या सांगायला जागा हवी, सांगणाऱ्याला चुगलखोर म्हटलं जाऊ नये, आणि ज्याच्याबद्दल सांगितलं त्याचीही अब्रू जाऊ नये. ८ ऑक्टोबर २०१४ ला कल्पाक्कमच्या अणुवीज केंद्राची राखण करणाऱ्या दलातल्याच एका हवालदारानं आपल्या तीन सहकाऱ्यांना गोळ्या घालून मारलं, दोघे जखमी झाले. ही बातमी मी मामांना विचारली तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग एवढंच म्हणाले, "पोरगं गप्प झालं की त्याच्याजवळ जाऊन बसावं. हत्यार त्याच्या हातात दिलंय आपण." माणसाची विचारपूस करणं हेही पहाऱ्याचंच काम आहे.

इथं मला एक भीती बोलून दाखवायची आहे, कारण मार्गदर्शिकांमध्ये ती अशा शब्दांत येत नाही. आपल्या देशात शंका कुणाकडे वळते? ठेकेदाराच्या कामगाराकडे, परप्रांतातून आलेल्याकडे, वेगळ्या धर्माच्या माणसाकडे, आडनावावरून जात कळणाऱ्याकडे. माझ्या घरानं हे सोसलेलं आहे. शाळेत खडूचा डबा हरवला की आधी कुणाचं दप्तर उघडलं जायचं, हे मला सांगायला नको. कूलरमध्ये काही घातलं गेलं की पहिलं बोट सर्वांत खालच्या पायरीवरच्या माणसाकडे गेलं, तर दोन नुकसानं होतात. निरपराधावर अन्याय होतो, आणि ज्याच्याकडे कुणी बघत नाही तो वरच्या पायरीवरचा माणूस मोकळा राहतो. शंका कृतीवर हवी, आडनावावर नको. जो कामगार स्वतःच संशयाच्या छायेत वावरतो, तो स्वतःला दिसलेलं कधीच सांगायला येणार नाही. आणि देखभालीच्या दिवसांत सगळ्यात जास्त कोपऱ्यांत जाणारा, सगळ्यात जास्त बघणारा माणूस तोच असतो.

शेवटच्या वर्गात पुन्हा मागच्या रांगेतून प्रश्न आला. "गेन-ला, तिथं तर सगळं गुपित असतं. गुपित ठेवायचं आणि सांगायचंही, हे दोन्ही कसं जमवायचं?" हा त्यांचा सगळ्यात कठीण प्रश्न होता. १९६२ च्या अणुऊर्जा कायद्यानं सरकारला माहिती झाकण्याचे मोठे अधिकार दिले, आणि काही झाकलंच पाहिजे. कुठल्या कपाटात काय आहे हे चव्हाट्यावर मांडायची गोष्ट नव्हे. पण झाकण्याची सवय लागली की चूकही झाकली जाते. मी कुडनकुळमच्या अणुवीज केंद्राचं उदाहरण दिलं. २०१९ च्या ऑक्टोबरअखेरीस तिथल्या संगणकात घातक प्रणाली शिरल्याची चर्चा सुरू झाली. २९ तारखेला केंद्राकडून निवेदन आलं की असा हल्ला शक्यच नाही. दुसऱ्याच दिवशी अणुऊर्जा महामंडळानं मान्य केलं की प्रशासकीय जाळ्यातल्या, इंटरनेटला जोडलेल्या एका संगणकात ती सापडली होती, आणि सरकारच्या संगणक-सुरक्षा यंत्रणेनं ४ सप्टेंबरलाच तसं कळवलं होतं. भट्टी चालवणारी जाळी वेगळी असते आणि तिला धक्का लागला नव्हता. मग पहिल्या दिवशीच ते का नाही सांगितलं? आत काम करणारा तरुण अभियंता अशा दोन निवेदनांतून काय शिकतो? माझं उत्तर मी वर्गाला दिलं, आणि मी त्यावर ठाम आहे: कुलपाची किल्ली कुठं आहे हे गुपित राहावं, पण कुलूप उघडं सापडलं हे गुपित राहू नये. निदान ज्याचं कुलूप आहे त्याच्यापासून, आणि जो नियामक आहे त्याच्यापासून तर नाहीच.

आपल्याकडे याचं शिक्षण नाही असं नाही. हरियाणात बहादुरगडजवळ जागतिक अणुऊर्जा भागीदारी केंद्र आहे; २०१० मध्ये वॉशिंग्टनच्या अणुसुरक्षा परिषदेत भारतानं ते जाहीर केलं, आणि तिथं अणुसुरक्षेच्या अभ्यासाचा स्वतंत्र विभाग आहे. चांगलंच आहे. पण ही विद्या अभियंत्यांपुरती आणि अधिकाऱ्यांपुरती राहून चालणार नाही. एप्रिल २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरीत भंगारवाल्यांच्या हातात कोबाल्ट-६० आलं. दिल्ली विद्यापीठातलं वर्षानुवर्षं न वापरलेलं एक जुनं किरणोत्सारी उपकरण लिलावात निघालं होतं, आणि भंगारात ते तोडताना कुणालाच कळलं नाही की आपण काय उघडतोय. एक जण दगावला, बाकीचे भाजले. त्या उपकरणाच्या आत काय आहे हे लिलावाच्या कागदावर सही करणाऱ्या एकानं जरी विचारलं असतं, तर तो माणूस जिवंत राहिला असता.

तारापूर पालघर जिल्ह्यात आहे, १९६९ पासून चालू आहे. कैगाही फार लांब नाही. कर्करोगाच्या रुग्णालयांत, वेल्डिंग तपासणाऱ्या कंपन्यांत, विद्यापीठांच्या प्रयोगशाळांत किरणोत्सारी स्रोत आहेत. हे वाचणाऱ्यांपैकी कुणाची ना कुणाची मुलगी, मुलगा, जावई, भाचा तिथं कामाला असेल, ठेकेदाराकडे असेल किंवा कायम असेल. तो सुटीला घरी आला की आत काय चालतं ते विचारू नका. ते त्यानं सांगायचं नसतं. एवढंच विचारा: तिथं काही वावगं दिसलं, ऐकलं किंवा नुसती शंका आली, तर सांगायचं कुणाला, हे तुला ठाऊक आहे का? ठाऊक नसेल, तर परत गेल्यावर पहिल्याच पाळीला आपल्या साहेबाला विचारून घ्यायला सांगा.